मुठेच्या गाळात सापडलेली जनुके

खडकवासला धरणात साठलेले मुठेचे पाणी पुणेकर पितात आणि धरणाच्या खाली त्याच नदीत आपले सांडपाणी सोडतात. वरची मुठा आणि खालची मुठा यांतला फरक सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. उन्हाळ्यात म्हात्रे पुलावरून जाताना नाक पुरते. नाकाला जे कळत नाही ते मात्र २०१७ मध्ये ‘वॉटर रिसर्च’ या संशोधनपत्रिकेत छापून आले. नचिकेत मराठे आणि स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाचे योआकिम लार्सन यांच्या गटाने शहराच्या वरच्या अंगाचा आणि शहरातल्या पात्राचा गाळ उचलला आणि त्यातला डीएनए वाचून काढला. प्रतिजैविक औषधांना दाद न देण्याची ताकद जीवाणूंना देणारी जनुके शहरातल्या गाळात वरच्या गाळाच्या ३० पट निघाली.

३० पट हा आकडा बातमीच्या मथळ्याला बरा आहे, पण त्याखालची यादी जास्त बोलकी आहे. एनडीएम, व्हीआयएम, केपीसी, ओएक्सए-४८, आयएमपी ही नावे अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांना तोंडपाठ असतात. यातले प्रत्येक जनुक असे विकर बनवते, की जे कार्बापेनेम गटातली औषधे तोडून टाकते. मेरोपेनेम या गटातले. बाकीची इंजेक्शने हरली की डॉक्टर ज्याच्याकडे वळतात ते हे औषध. ते चालले नाही तर टायगेसायक्लिनसारखे मोजके पर्याय उरतात, आणि टायगेसायक्लिनला निकामी करणारे टेट-एक्स हे जनुकही शहरातल्या गाळात ठळकपणे वाढलेले होते. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधरोधी जीवाणूंमुळे झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्या मृत्यूंमागे जी जनुके असतात त्यांतली कित्येक नदीपात्रात आहेत.

आता प्रश्न असा, की ही तिथे आली कुठून? नदीत औषधे मिसळली म्हणून तिथले जीवाणू निर्ढावले, की आधीच निर्ढावलेले जीवाणू आपल्या पोटातून थेट नदीत पोहोचले? दोन्हींचा शेवट सारखाच दिसतो, पण दोन्हींवरचा इलाज अगदी वेगळा आहे. माझ्या मते जनुकवाचनाचा नदीच्या बाबतीतला सगळ्यात मोठा उपयोग हा प्रश्न सोडवण्यातच आहे.

नदीतले जीवाणू मोजण्याची रूढ रीत जुनी आहे आणि ती टाकाऊ नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळे ठरलेल्या ठिकाणचे पाणी घेतात आणि त्यात विष्ठेतून येणारे कॉलीफॉर्म जीवाणू १०० मिलिलिटरमागे किती, याचा अंदाज काढतात. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय मंडळाची मर्यादा आहे: ५०० पर्यंत असावेत, फार झाले तर २,५००. या चाचणीला खर्च थोडा येतो, ती जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत होते आणि पाण्यात मैला मिसळला आहे की नाही हे ती चोख सांगते. याहून जास्त काही ती सांगत नाही. ते जीवाणू कोणत्या औषधाला जुमानत नाहीत, हे त्या आकड्यात नसते. शिवाय कॉलीफॉर्म हा फक्त खुणेचा जीवाणू. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले तेव्हा संशयाची सुई पाण्याकडे वळली आणि काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला. हा जीवाणू कॉलीफॉर्मच्या चाचणीत दिसतच नाही. त्याला वेगळे खाद्य लागते आणि नेहमीच्या हवेपेक्षा कमी प्राणवायू लागतो.

खाद्याचा हा मुद्दा मुळाशी जाणारा आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत जीवाणू वाढवायचे तर त्यांना मानवेल असे अन्न आणि तापमान द्यावे लागते. नदीतल्या बहुतेक जीवाणूंना काय मानवते हे आपल्याला ठाऊकच नाही, त्यामुळे त्यांतला अगदी थोडा हिस्सा बशीत उगवतो. बशीवरचे ठिपके मोजून नदीची जीवाणुसृष्टी सांगणे म्हणजे पंगतीतली उष्टी पाने मोजून गावाची लोकसंख्या सांगणे. जेवायला आले त्यांची मोजदाद बरोबर होते, बाकी गाव राहून जाते.

जनुकवाचनात जीवाणूला वाढवावे लागत नाही. नदीचे पाणी ०.२२ मायक्रॉन छिद्रांच्या गाळण-पटलातून ओढतात, त्यावर जीवाणू अडकतात, आणि ते पटल बर्फात ठेवून प्रयोगशाळेत नेतात. मुठेसारख्या नदीत गाळ घेणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. पाणी त्या क्षणाचे असते. सकाळी एखाद्या नाल्यातून काय सुटले यावर त्याचा निकाल बदलतो. गाळात बराच काळ येत राहिलेले साठून असते. उलट गाळातून स्वच्छ डीएनए काढणे ही कटकट आहे, कारण कुजलेल्या पाल्यातून येणारी ह्युमिक आम्ले डीएनएसोबत चिकटून येतात आणि पुढच्या रासायनिक क्रियेत अडथळा आणतात. निम्मा जीव इथेच जातो.

डीएनए हाती आल्यावर वाट दोनपैकी एक. पहिली स्वस्त. प्रत्येक जीवाणूत १६एस नावाचे एक जनुक असते, सुमारे १,५०० अक्षरांचे. त्याचे काही भाग सगळ्या जीवाणूंत जवळपास सारखे, तर मधले नऊ भाग जातीनुसार बदलणारे. सारख्या भागांवर पकड घेऊन बदलणारे भाग वाचले की नमुन्यात कोणकोणती कुळे आहेत आणि कोणाचे प्रमाण किती, याची हजेरी मिळते. पण १६एस वाचून औषधरोध कळत नाही. एकाच जातीचे दोन जीवाणू, एक साध्या औषधाने मरणारा आणि दुसरा कशालाही न बधणारा, या हजेरीत एकाच नावाखाली येतात.

दुसरी वाट शॉटगन पद्धतीची, आणि मुठेच्या अभ्यासात तीच घेतली गेली. यात कोणतेही जनुक निवडायचे नाही. नमुन्यातला जीवाणूंचा, विषाणूंचा, शैवालांचा, सगळ्यांचा डीएनए एकत्र घ्यायचा, त्याचे बारीक तुकडे करायचे आणि असे कोट्यवधी तुकडे वाचायचे. सध्या सर्वाधिक वापरातल्या यंत्रांवर एका तुकड्याचे दीडशेच्या आसपास अक्षरांचे वाचन होते. मग संगणक प्रत्येक तुकडा ज्ञात रोधजनुकांच्या कोशाशी ताडून पाहतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा ‘कार्ड’ आणि डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाचा ‘रेसफाइंडर’ हे असे दोन नावाजलेले कोश. शेवटी जुळलेल्या तुकड्यांची संख्या नमुन्यातल्या १६एसच्या संख्येशी तोलायची, म्हणजे अमुक इतक्या जीवाणूंमागे अमुक इतकी रोधजनुके असे प्रमाण निघते. ३० पट हा आकडा अशाच सापेक्ष प्रमाणाचा आहे. एक चमचा गाळात जनुके किती, याचा तो आकडा नव्हे. हे लक्षात न ठेवता छापलेल्या बातम्या मी वाचल्या आहेत.

याच वाचनात आणखी एक गोष्ट पुढे आली. शहरातल्या गाळात अ‍ॅसिनेटोबॅक्टर या कुळाचा वाटा १६एसच्या वाचनांत २९ टक्क्यांपर्यंत गेला होता. इतक्या खोलवर वाचलेल्या दुसऱ्या कोणत्याही नमुन्यात एवढे प्रमाण आपल्या पाहण्यात नाही, असे संशोधकांनी नोंदवले. या कुळातली बहुतेक मंडळी माती-पाण्यात राहणारी आणि निरुपद्रवी. पण त्यातला बाउमानी हा रुग्णालयांतल्या व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचा जुना वैरी. आणि ज्या नमुन्यांत अ‍ॅसिनेटोबॅक्टर जास्त, त्यांतच ओएक्सए-५८ हे कार्बापेनेम तोडणारे जनुकही जास्त होते. जोडी घट्ट होती.

औषधरोध हा माणसाने जन्माला घातलेला नाही, हे मधेच सांगायला हवे. कॅनडाच्या युकॉन भागातल्या ३० हजार वर्षे गोठून राहिलेल्या मातीत रोधजनुके सापडल्याचे २०११ मध्ये ‘नेचर’ने छापले. बुरशी आणि जीवाणू एकमेकांवर प्रतिजैविक रसायने कोट्यवधी वर्षे सोडत आले आहेत आणि त्यांवरचे तोडगेही तेवढेच जुने. म्हणून नदीत रोधजनुक सापडले एवढ्याने घाबरायचे कारण नाही. मुठेच्या वरच्या भागातही ती होतीच, आणि दोन जनुके तर तिथेच जास्त होती. पाहायचे असते ते जनुक कोणते आणि त्याला हलता येते का, हे. जीवाणूंमध्ये प्लाझ्मिड नावाची डीएनएची सुटी वर्तुळे असतात आणि ती एका जातीकडून दुसऱ्या जातीकडे जाऊ शकतात. इंटिग्रॉन नावाची रचना तर वेगवेगळी रोधजनुके गोळा करून एका ओळीत बसवते. मुठेच्या शहरी गाळात इंटिग्रॉनशी संबंधित जनुकेही वाढलेली होती. म्हणजे माल होता आणि तो हलवायची सोयही होती.

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे. औषधांमुळे की मैल्यामुळे? उत्तर शोधताना तुलनेसाठी हैदराबादजवळचे पटानचेरू उपयोगी पडते. तिथे औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या नव्वदेक कारखान्यांचे सांडपाणी एका सामाईक केंद्रात शुद्ध होत असे. लार्सन यांनी २००७ मध्ये त्या केंद्रातून बाहेर पडणारे, म्हणजे ‘शुद्ध’ झालेले, पाणी तपासून जगाला हादरा दिला. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत होते. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात असते त्याहून जास्त. दिवसाला सुमारे ४५ किलो सिप्रोफ्लॉक्सासिन त्या पाण्यातून वाहून जात होते, आणि एवढे औषध अख्ख्या स्वीडनला पाच दिवस पुरत असे. तिथले ओढे पुढे मांजरेला मिळतात, म्हणजे बीड जिल्ह्यात उगम पावून लातूरची तहान भागवणाऱ्या मांजरेच्याच खालच्या अंगाला. जवळच्या काझीपल्ली तलावाचे शॉटगन वाचन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा स्वीडनमधल्या एका तलावाशी तुलना करता तिथे रोधजनुके सुमारे ७,००० पट निघाली. स्वीडनच्या तलावात आठच प्रकारची जनुके होती, काझीपल्लीत ८१ प्रकारची. अशा पाण्यात जो जीवाणू औषध पचवू शकत नाही तो मरतो. निवड तिथेच, पाण्यातच होते.

मुठेचेही असेच काही आहे का? याचा छडा लावायला एक अनपेक्षित साधन हाती आले, ते म्हणजे क्रॅसफाज. माणसाच्या आतड्यातल्या जीवाणूंवर जगणारा हा विषाणू २०१४ मध्ये सापडला, तोही सूक्ष्मदर्शकाखाली नव्हे. विष्ठेच्या नमुन्यांचे जुने जनुकवाचन संगणकावर जोडत असताना. प्रयोगशाळेत तो वाढवता आला त्यानंतर चार वर्षांनी. हा विषाणू माणसाच्या विष्ठेत मुबलक आणि इतरत्र दुर्मीळ, त्यामुळे पाण्यात तो किती यावरून माणसाचा मैला किती हे ताडता येते. लार्सन यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये जगभरच्या नमुन्यांत क्रॅसफाज आणि रोधजनुके यांचे प्रमाण समोरासमोर मांडले. बहुतेक ठिकाणी दोन्ही हातात हात घालून चढत-उतरत होते. जिथे मैला जास्त तिथे रोधजनुके जास्त. वेगळ्या कारणाची गरज नाही. या नियमातून ठळकपणे निसटला तो औषधकारखान्यांच्या सांडपाण्याने माखलेला गाळ. तिथे मैल्याच्या हिशेबात न बसणारी रोधजनुके होती.

पुण्यात बल्क ड्रगचे पटानचेरू नाही. मराठे यांच्या गटानेही शहरी गाळातल्या वाढीचे खापर प्रक्रिया न झालेल्या किंवा अर्धवट झालेल्या शहरी सांडपाण्यावरच फोडले. रुग्णालयांचे सांडपाणी त्यात येतेच आणि ते जास्त दाट असते, पण आपल्यासारख्या धडधाकट लोकांच्या आतड्यांतही अशी जनुके वावरत असतात आणि लाखो घरांच्या शौचकुपांचा एकूण भार कोणत्याही रुग्णालयापेक्षा मोठा असतो.

माणसांची गर्दी आणि रोधजनुके यांचे नाते गंगेवर तर लख्ख दिसले. न्यूकॅसल विद्यापीठ आणि दिल्लीच्या आयआयटीच्या संशोधकांनी हृषीकेश-हरिद्वारचे पाणी फेब्रुवारीत आणि पुन्हा यात्रेच्या उन्हाळी हंगामात तपासले. २०१४ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार एनडीएम-१ जनुकाचे प्रमाण यात्राकाळात २० पटींच्या आसपास चढले होते. या अभ्यासात अख्खा डीएनए वाचलेला नव्हता, ठरावीक जनुकाच्या प्रती मोजल्या होत्या, आणि एकच जनुक शोधायचे असेल तर ही पद्धत शॉटगनपेक्षा स्वस्त आणि जास्त तिखट नजरेची आहे. मुळा-मुठेचे पाणी भीमेतून उजनीत आणि पुढे पंढरपूरला जाते. आषाढीच्या गर्दीआधी आणि नंतर चंद्रभागेच्या पात्रात असेच मोजमाप करण्यासारखे आहे.

एनडीएमचे नाव निघाले की दिल्लीची आठवण अटळ, कारण त्यातले ‘एनडी’ म्हणजे न्यू दिल्ली. २०११ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीझेस’मध्ये आलेल्या अभ्यासात दिल्लीच्या नळांच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये आणि रस्त्यावर साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत हे जनुक सापडले. त्या वेळी आपल्याकडे जनुकाला दिल्लीचे नाव का दिले यावरच जास्त खल झाला. राग समजण्यासारखा होता, पण गटारांकडे बघण्यात घालवता आला असता तो वेळ नावात गेला.

जनुकवाचनाच्या मर्यादा लपवण्यात अर्थ नाही. डीएनए मेलेल्या जीवाणूचाही वाचला जातो. क्लोरिनने मारलेला जीवाणू वाचनात जिवंतासारखाच दिसतो. दीडशे अक्षरांच्या तुकड्यावरून जनुक ओळखता येते, पण ते कोणत्या जीवाणूच्या पोटात होते हे बहुधा सांगता येत नाही. इथे नॅनोपोर पद्धतीची यंत्रे कामाला येतात. डीएनएचा धागा अतिसूक्ष्म छिद्रातून सरकवायचा आणि विजेच्या प्रवाहातल्या चढउतारांवरून अक्षरे ओळखायची, अशी त्यांची युक्ती. हजारो अक्षरांचा सलग धागा वाचता येत असल्याने जनुक प्लाझ्मिडवर आहे का आणि त्याचे शेजारी कोण, हे दिसते. यातले सर्वांत लहान यंत्र मोबाइलहून हलके असून लॅपटॉपला जोडून चालते. त्यात चुका मात्र पूर्वी बऱ्याच होत, आता कमी झाल्या आहेत. तिसरी मर्यादा कोशाची: कोशात नसलेले नवे जनुक समोरून गेले तरी संगणक त्याला ओळखत नाही. आणि विरळ असलेले जनुक कोट्यवधी तुकड्यांतही हुकू शकते. मुठेच्या अभ्यासात कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे एमसीआर-१ शहरात कुठेच आढळले नाही, आढळले ते शहराच्या वरच्या एका नमुन्यात. कोलिस्टिन आपल्याकडे कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास वापरले जाई, भारत सरकारने त्यावर २०१९ मध्ये बंदी घातली. पण एका नमुन्यावरून कोंबड्यांवर आरोप ठेवणे हे विज्ञान नव्हे, आणि संशोधकांनी तो ठेवलेलाही नाही.

म्हणून दर महिन्याला दर पुलाखालचा गाळ शॉटगनने वाचावा, असे मी म्हणणार नाही. रोजच्या पहाऱ्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली ‘ट्रायसायकल’ पद्धत पुरेशी आहे: औषध मिसळलेल्या बशीवर ई. कोलाय वाढवायचा आणि किती टक्के तग धरतात ते मोजायचे. तालुक्याच्या गावची साधी प्रयोगशाळाही ते करू शकते. जनुकवाचन ठेवावे ते वर्षातून एक-दोनदा, कारण शोधण्यासाठी.

कारण कळल्यावर काय करायचे, हे खरे अवघड. कारखान्यांच्या बाबतीत सरकारने २०२० मध्ये सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला आणि २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या मर्यादा गाळून टाकल्या. ही माघार होती, तिला दुसरे नाव नाही. शहरांच्या बाबतीत इलाज नवा नाही, आकर्षकही नाही: मैलावाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्रे. ६० देशांतल्या ७९ ठिकाणच्या मैलापाण्याचे जनुकवाचन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा रोधजनुकांच्या प्रमाणाशी सगळ्यात घट्ट नाते दिसले ते त्या देशातल्या स्वच्छतेच्या आणि आरोग्याच्या एकूण स्थितीचे. रुग्णांना ‘गोळ्या अर्धवट सोडू नका’ असे बजावणे योग्यच आहे, पण तेवढ्याने मुठेचा गाळ बदलणार नाही. शुद्धीकरण केंद्रेही सगळी जनुके गिळत नाहीत. जीवाणूंची संख्या बरीच घटते, काही जनुके मागे उरलेल्या मैलागाळात जातात आणि तो गाळ खत म्हणून शेतात गेला तर वेगळी डोकेदुखी सुरू होते. तरीही कच्चा मैला थेट नदीत सोडण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून मुळा-मुठेसाठी सुमारे ९९० कोटी रुपयांचा, ११ शुद्धीकरण केंद्रांचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला आणि मग वर्षानुवर्षे रखडला. केंद्रे चालू झाली की ती चालली की नाही हे ठरवताना नेहमीप्रमाणे किती दशलक्ष लिटर पाण्यावर प्रक्रिया झाली याचे आकडे पुढे येतील. ते आकडे हवेतच. पण पुण्याकडे एक गोष्ट आहे जी भारतातल्या फार थोड्या शहरांकडे आहे: केंद्रांच्या आधीच्या गाळाचे सविस्तर जनुकवाचन. त्याच ठिकाणचा गाळ त्याच पद्धतीने पुन्हा वाचला, तर ३० पटीचे किती पट झाले हे कळेल आणि पैसे कामी आले की नाही याचे उत्तर मिळेल. प्रकल्पाच्या खर्चापुढे या तपासणीचा खर्च किरकोळ आहे आणि ती करू शकतील अशा संस्था पुण्यातच आहेत. महापालिकेने आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने ती करून घ्यावी, निकाल जाहीर करावा. आणि त्यांना सुचले नाही तर प्रभागाच्या सभेत हा प्रश्न पुणेकरांनी विचारावा.